आइस्क्रीम सँडविचसाठी ओटमील कुकीज: गोठल्यावरही मऊ राहतील अशा

नुकतीच भाजलेली, कडेने कुरकुरीत आणि सोनेरी झालेली ओटमील कुकी नुसती खायला कितीही छान लागत असली, तरी तीच कुकी आइस्क्रीमच्या दोन्ही बाजूंना लावून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी तिची फरशी झालेली असते. मी पहिल्यांदा हे सँडविच केले तेव्हा नेमके हेच झाले. दात कुकीत रुतेनात, आणि जोर लावताच आतले आइस्क्रीम चहूबाजूंनी बाहेर येऊन हातात दोन कडक चकत्या उरल्या. कुकीची कृती मुळात चांगली होती, पण ती कोमट खाण्यासाठी लिहिलेली होती आणि मी ती कुकी उणे १८ अंश सेल्सिअसला खात होते. त्यामुळे या लेखातील प्रत्येक प्रमाण आणि प्रत्येक पायरी एकाच कसोटीवर बेतलेली आहे: कुकी गोठलेल्या अवस्थेत, एका चाव्यात, आइस्क्रीमबरोबर सहज तुटली पाहिजे.

ओटमील कुकी आणि आइस्क्रीम ही जोडी नवी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावरील ‘प्लेलँड ॲट द बीच’ या करमणूक उद्यानाचे मालक जॉर्ज व्हिटनी यांनी १९२८ मध्ये दोन ओटमील कुकीजच्या मध्ये व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा ठेवून, तो सगळा ऐवज गडद चॉकलेटमध्ये बुडवून विकायला सुरुवात केली आणि त्याला ‘इट्स-इट’ असे नाव दिले. ते उद्यान १९७२ मध्ये बंद झाले, पण तो पदार्थ आजही मिळतो. ओट्सची निवड तेव्हा कशामुळे झाली असेल ते असो. मला मात्र ती अगदी योग्य वाटते. ओट्सना स्वतःची खमंग चव असते, ते ओलावा धरून ठेवतात आणि मैद्याच्या साध्या कुकीपेक्षा अशी कुकी आइस्क्रीमखाली उशिरा लगदा होते.

थंडीत कुकीचे काय होते

कुकी गोठल्यावर कडक होण्याची दोन मुख्य कारणे असतात. पहिले कारण म्हणजे लोणी. लोण्यात साधारण ८० ते ८२ टक्के स्निग्धांश असतो आणि फ्रीझरच्या तापमानाला तो जवळजवळ पूर्णपणे घट्ट होतो, म्हणून केवळ लोण्यावर केलेली कुकी गोठल्यावर विटेसारखी टणक लागते. लोण्याचा काही भाग काढून तेथे द्रवरूप तेल घातले, तर हा टणकपणा बराच कमी होतो. सगळेच लोणी काढून टाकू नये, कारण चव त्याच्यातच आहे. चौथ्या हिश्श्याच्या आसपास तेल पुरेसे होते. तेल वास नसलेले घ्यावे. खोबरेल तेल मात्र येथे घालू नये, कारण ते साधारण २४ अंशांच्या खाली स्वतःच घट्ट होते आणि मूळ अडचण तशीच राहते.

दुसरे कारण म्हणजे कुकीतील मोकळे पाणी, ज्याचा बर्फ होतो. साखर पाण्यात विरघळली की त्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, आणि म्हणूनच गोड मिश्रण थंडीतही काहीसे लवचीक राहते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांसारख्या साध्या शर्करांचे रेणू लहान असल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या नेहमीच्या साखरेपेक्षा त्या हे काम अधिक चांगले करतात. मधात प्रामुख्याने याच दोन शर्करा असतात, आणि ब्राऊन साखरेतील मोलॅसिसमध्येही, म्हणजे उसाच्या साखरेच्या दाट काळसर पाकातही, त्यांचा काही अंश असतो. एक मोठा चमचा मध घातल्याने कुकीला मधाची चव फारशी येत नाही, पण गोठल्यावरचा फरक दातांना लगेच कळतो. साखर कमी करण्याचा मोह येथे म्हणूनच टाळावा. गोडवा कमी हवा असेल तर आइस्क्रीम कमी गोड निवडावे आणि कुकीतील साखरेला हात लावू नये.

याखेरीज चवीचाही प्रश्न आहे. जीभ थंड झाली की गोडवा आणि सुगंध दोन्ही फिके लागतात. कोमट असताना जरा जास्त वाटणारे मीठ, दालचिनी आणि व्हॅनिला गोठल्यावर बरोबर लागतात, म्हणून या कृतीत ही तिन्ही प्रमाणे नेहमीपेक्षा थोडी चढी ठेवली आहेत.

साहित्य

खालील प्रमाणात साधारण ४० ग्रॅमच्या १७ कुकीज होतात. त्यांपैकी १६ कुकीजची ८ सँडविचे होतात आणि एक कुकी चाचणीसाठी राहते. ती एक कुकी चुकून उरलेली नाही. तिचे काम पुढे येईल.

बिनमिठाचे लोणी (बटर): १०० ग्रॅम
वास नसलेले तेल: ३० ग्रॅम
ब्राऊन साखर: १५० ग्रॅम
पांढरी बारीक साखर: ५० ग्रॅम
मध: १ मोठा चमचा (सुमारे २० ग्रॅम)
अंडे: १ पूर्ण आणि आणखी एकाचा फक्त पिवळा बलक
व्हॅनिला इसेन्स: २ लहान चमचे
मैदा: १३० ग्रॅम
रोल्ड ओट्स: १५० ग्रॅम
खाण्याचा सोडा: अर्धा लहान चमचा
मीठ: पाऊण लहान चमचा
दालचिनीची पूड: १ लहान चमचा

मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, असे येथे धरले आहे. बाकी सर्व जिन्नस वजनकाट्यावर मोजावेत. कपाने मोजलेला मैदा कधी हलक्या हाताने भरला जातो तर कधी दाबून, आणि त्यामुळे एका कपात वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. १३० ग्रॅमच्या हिशेबात एवढा फरक म्हणजे एकदा कुकी ट्रेभर पसरणार आणि दुसऱ्यांदा लाडूसारखी उभी राहणार.

ओट्सच्या बाबतीत थोडे थांबून निवड करावी लागते. रोल्ड ओट्स म्हणजे वाफवून चपटे केलेले अख्खे दाणे. ते कुकीला छान पोत देतात, पण मोठ्या चपट्या पाकळ्या गोठल्यावर चामट लागू शकतात. क्विक ओट्स त्याहून बारीक आणि पातळ असतात, त्यामुळे कुकी एकजीव होते, पण ओट्स वेगळे जाणवत नाहीत. मला यातील मधला मार्ग पसंत आहे: रोल्ड ओट्सपैकी अर्धे मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा थांबत थांबत फिरवून भरड करावेत आणि उरलेले अर्धे अख्खे ठेवावेत. पीठ होईपर्यंत फिरवू नये. स्टील-कट ओट्स, म्हणजे न चपटवता नुसते कापलेले दाणे, या कुकीत वापरू नयेत. दहा-बारा मिनिटांच्या भाजणीत ते शिजत नाहीत आणि दाताखाली खड्यासारखे येतात. साखर आणि मीठ घातलेले, स्वादयुक्त पाकिटातले ओट्सही नकोत, कारण त्यामुळे सारे प्रमाण बिघडते.

ब्राऊन साखर मिळत नसेल, तर १५० ग्रॅम पांढऱ्या साखरेत साधारण दोन लहान चमचे मोलॅसिस बोटांनी चोळून एकजीव करावे. मोलॅसिस किंचित आम्लधर्मी असते आणि खाण्याचा सोडा त्याच्याशी संयोग पावून काम करतो, म्हणून केवळ पांढऱ्या साखरेवर ही कृती केली तर कुकी फिकट आणि जास्त कुरकुरीत होते.

अंडे नको असल्यास ७ ग्रॅम जवसाची पूड ४५ मिलिलिटर पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी; ती बुळबुळीत आणि दाट झाली की एका अंड्याचे काम भागवते. बलकाच्या जागी एक मोठा चमचा दूध आणि एक लहान चमचा तेल घालावे. अशी कुकी थोडी कमी फुगते, पण सँडविचसाठी चपटी कुकीच हवी असल्याने येथे तो दोष ठरत नाही.

मिश्रण

प्रथम ओट्स, अख्खे आणि भरड दोन्ही एकत्र, कोरड्या जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटे सतत हलवत भाजून घ्यावेत. रंग बदलण्याची वाट पाहू नये. भाजल्याचा खमंग वास सुटला की लगेच ताटात पसरून पूर्ण गार करावेत. ही पायरी वगळली तरी कुकी होते, पण थंडीत सुगंध दबतो हे वर सांगितलेच आहे, आणि भाजलेल्या ओट्सचा वास त्या थंडीवरही मात करून उरतो.

लोणी मंद आचेवर फक्त वितळेपर्यंत गरम करावे आणि आचेवरून उतरवून कोमट होऊ द्यावे. नेहमीच्या कुकीसाठी लोणी आणि साखर फेटून हलकी केली जाते, त्यात हवा शिरते आणि कुकी फुगते. येथे आपल्याला हवा नको आहे. वितळलेल्या लोण्याची कुकी चपटी, दाट आणि चावायला किंचित चिवटसर होते, आणि आइस्क्रीमच्या थराला तशाच सपाट कुकीचा आधार लागतो. लोणी तपकिरी होईपर्यंत परतण्याची पद्धत चवीला उत्तम आहे, परंतु त्यात लोण्यातील सुमारे १६ टक्के पाणी उडून जाते. तसे करायचे असल्यास शेवटी एक मोठा चमचा दूध घालून ती तूट भरून काढावी.

कोमट लोण्यात तेल, दोन्ही साखरा आणि मध घालून हातफेटणीने मिनिटभर ढवळावे. मग अंडे, बलक आणि व्हॅनिला घालून मिश्रण दाट आणि चकचकीत दिसेपर्यंत आणखी एक मिनिट ढवळावे आणि तसेच पाच मिनिटे ठेवून पुन्हा एकदा ढवळावे. या थांबण्यात साखर अधिक विरघळते. लोणी फार गरम असताना अंडे घातले तर ते कडेने शिजून त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून भांड्याला बाहेरून हात लावून पाहावा. हाताला जेमतेम ऊब लागली पाहिजे.

मैदा, सोडा, मीठ आणि दालचिनी एकत्र चाळून ओल्या मिश्रणात घालावी आणि येथून पुढे फेटणी बाजूला ठेवून लाकडी चमचा किंवा सिलिकॉनचे उलथणे घ्यावे. कोरडे पीठ दिसेनासे होण्याच्या जरा आधीच गार झालेले ओट्स घालावेत आणि खालून वर घेत दहा-बारा वेळाच मिसळावे. जास्त ढवळल्याने मैद्यातील ग्लुटेन, म्हणजे त्याला चिवटपणा देणारे प्रथिन, ताणले जाते आणि गोठलेली कुकी तुटण्याऐवजी ओढली जाते. मिश्रण या वेळी सैल आणि थोडे तेलकट दिसते. ते पाहून आणखी मैदा घालण्याची इच्छा होतेच, पण ती आवरावी. भांड्यावर झाकण ठेवून मिश्रण फ्रीजमध्ये किमान ४५ मिनिटे ठेवावे. रात्रभर ठेवल्यास अधिक चांगले. या वेळात ओट्स ओलावा शोषून घेतात, लोणी आवळते, आणि मघाचे सैल मिश्रण सहज गोळे वळता येतील इतके घट्ट होते. कच्चे मिश्रण चाखून पाहू नये, कारण त्यात कच्चे अंडे आणि कच्चा मैदा दोन्ही असतात.

आता भर घालण्याविषयी. बेदाणे, काजू-बदाम आणि चॉकलेटचे तुकडे ओटमील कुकीत सर्रास घातले जातात, पण फ्रीझर यांपैकी प्रत्येकाशी वेगळा वागतो. चॉकलेट चिप्स गोठल्यावर मेणाच्या खड्यांसारख्या लागतात, कारण कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधील स्निग्धांश, इतक्या थंड तोंडात वितळायला वेळ घेते आणि तोपर्यंत घास संपलेला असतो. चॉकलेट हवेच असेल तर ते सुरीने बारीक किसासारखे चिरून ६० ग्रॅमपर्यंत घालावे. बेदाणे कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, निथळून, फडक्याने कोरडे करून घातले तर मऊ राहतात, पण न भिजवता घातल्यास दातांना चिकटतात. सुका मेवा मुगाच्या दाण्याएवढा बारीक करावा. मोठा अर्धा अक्रोड कुकीत असला की चावताना सँडविच नेमके तेथेच घसरते.

आकार आणि भाजणी

ओव्हन १७५ अंशांवर गरम करावा. पंख्याचा ओव्हन असल्यास १६० अंश पुरेसे होतात. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतील खरे तापमान यांत दहा-वीस अंशांची तफावत असणे अगदी सामान्य आहे, म्हणून आत ठेवायचा छोटा तापमापक असेल तर तो जरूर वापरावा. ट्रे शक्यतो फिकट रंगाचा घ्यावा, कारण काळ्या ट्रेवर कुकीचा तळ लवकर करपतो, आणि त्यावर बेकिंगचा कागद अंथरावा.

मिश्रणाचे प्रत्येकी ४० ग्रॅमचे गोळे वजन करून वळावेत. एरवी कुकी लहान-मोठी झाल्याने काही बिघडत नाही, पण येथे दोन-दोन कुकीजची जोडी जुळवायची आहे. प्रत्येक गोळा हाताने दाबून साधारण ६ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर जाड करावा. भाजल्यावर तो ८ सेंटिमीटरच्या आसपास पसरतो आणि जाडी सहा-सात मिलिमीटर राहते. याहून जाड कुकी गोठल्यावर चावता येत नाही आणि याहून पातळ कुकी हातात मोडते.

आता ती चाचणीची कुकी. सगळा ट्रे भरण्याआधी एकच कुकी १० मिनिटे भाजावी. ती १० सेंटिमीटरपर्यंत पसरली, तर उरलेले मिश्रण आणखी अर्धा तास थंड करावे, आणि तरीही भागले नाही तर एक मोठा चमचा मैदा मिसळावा. ती मुळीच पसरली नाही, तर पुढचे गोळे अधिक चपटे करावेत. गार झाल्यावर हीच कुकी दोन तास फ्रीझरमध्ये ठेवून चावून पाहावी. घाई असेल तेव्हा ही परीक्षा टाळावीशी वाटते, परंतु सोळा कडक कुकीज आणि एक लिटर आइस्क्रीम वाया घालवण्यापेक्षा दोन तास थांबणे परवडते. तोपर्यंत मिश्रण फ्रीजमध्ये निवांत मुरत राहते.

एका ट्रेमध्ये सहा ते आठ कुकीज, मध्ये पाच-सहा सेंटिमीटरचे अंतर सोडून ठेवाव्यात आणि मधल्या कप्प्यात १० ते ११ मिनिटे भाजाव्यात. कुकी केव्हा काढावी, हा या कृतीतील सर्वांत नाजूक निर्णय आहे. कडेचा सेंटिमीटरभर भाग फिकट सोनेरी होऊन पक्का झालेला असावा, आणि मधला भाग अजून फुगीर, फिकट आणि थोडासा कच्चा दिसत असावा. त्या क्षणी कुकी अर्धवट राहिली असेच वाटते, पण तापलेल्या ट्रेवर ती पुढची काही मिनिटे शिजतच राहते. मध्यभाग सोनेरी होईपर्यंत वाट पाहिली, तर तेवढे जास्तीचे पाणी उडून जाते आणि गोठलेल्या कुकीत मऊपणा राहत नाही. वेळेपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा, आणि नवव्या मिनिटापासून ओव्हनसमोरून हलू नये.

ट्रे बाहेर येताच, कुकी गरम आणि लवचीक असताना, तिच्याहून थोडी मोठी गोल वाटी किंवा कटर तिच्यावर पालथा घालून हलकेच गोल गोल फिरवावा. कुकी आतल्या आत घुसळली जाते आणि वाकडी कड गोल होते. हे मिनिटभराच्या आत करावे लागते. कड एकदा घट्ट झाली की कुकी तुटते. मध्यभाग फार फुगला असेल, तर उलथण्याच्या सपाट बाजूने अलगद दाबून तो बसवावा. नंतर पाच मिनिटे कुकीज ट्रेवरच राहू द्याव्यात आणि मग जाळीवर काढाव्यात. पुढचा घाणा गरम ट्रेवर कधीही मांडू नये, कारण ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच लोणी वितळून मिश्रण पसरू लागते.

कुकीज पूर्ण गार झाल्या की आकारानुसार जोड्या लावाव्यात आणि जोडी न मोडता त्या डब्यात घालून किमान एक तास फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. खोलीच्या तापमानाची कुकी आइस्क्रीमला स्पर्श करताच तो थर वितळवते. गोठलेली कुकी तसे करत नाही आणि दाबताना मोडतही नाही.

आइस्क्रीमचा थर

आइस्क्रीम निवडताना डब्याचे वजन हातात तोलून पाहावे, किंवा त्यावर छापलेले आकारमान आणि वजन ताडून पाहावे. आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा मिसळली जाते, आणि काही प्रकारांत निम्मे आकारमान हवेचेच असते. अशा एका लिटरचे वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरते. कमी हवेचे, दाट आइस्क्रीम याहून बरेच जड असते आणि कापल्यावर धार धरून राहते. व्हॅनिला, कॉफी, कॅरमेल हे स्वाद दालचिनी आणि ओट्सबरोबर चांगले जमतात. सॉर्बे, म्हणजे दूध न घालता फळांच्या रसाचे गोठवलेले मिश्रण, मात्र येथे टाळावे. त्यात स्निग्धांश नसल्याने त्याचा थर बर्फासारखा कडक होतो आणि मऊ कुकीच्या मध्ये विजोड लागतो.

चमच्याने गोळा काढून कुकीवर ठेवणे आणि वरून दुसरी कुकी दाबणे ही सोपी पद्धत आहे, पण त्यात थर मध्ये जाड आणि कडेला रिकामा राहतो. नीट सँडविचसाठी आइस्क्रीमची लादी करावी. १५ बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये कागदाच्या कडा बाहेर येतील असा बेकिंगचा कागद लावून ट्रे फ्रीझरमध्ये गार करत ठेवावा. एक लिटर आइस्क्रीम फ्रीजच्या खालच्या भागात वीस ते तीस मिनिटे ठेवून मऊ करावे. ओट्यावर ठेवल्यास त्याच्या कडा पाणी होतात आणि गाभा दगड राहतो. एकदा पूर्ण वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवले, तर घुसळताना तयार झालेले सूक्ष्म स्फटिक जाऊन त्यांच्या जागी मोठे खडे येतात आणि ते जिभेला रवाळ लागते. म्हणून ते पसरवता येईल इतकेच, मऊ लोण्यासारखे, सैल होऊ द्यावे. ट्रेमध्ये भराभर ओतून, हवेच्या पोकळ्या राहणार नाहीत असे चमच्याच्या पाठीने दाबून, साधारण २ सेंटिमीटर जाडीचा सपाट थर करावा, वर कागद चिकटवावा आणि किमान चार तास, शक्यतो रात्रभर, गोठवावे.

जुळणी

या कामाला गती हवी, म्हणून सगळी मांडणी आधी करून ठेवावी: एक रिकामा ट्रे फ्रीझरमध्ये गार झालेला, गरम पाण्याचे भांडे, कोरडे फडके, साडेसात सेंटिमीटरचा गोल कटर आणि गुंडाळण्यासाठी आधीच कापलेले कागद. आइस्क्रीमची चकती कुकीपेक्षा अर्धा सेंटिमीटर लहान ठेवल्यास दाबल्यावर ती बरोबर कडेपर्यंत येते.

लादी कागदासकट उचलून पाटावर घ्यावी, कटर गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावा आणि सरळ खाली दाबून चकती कापावी. प्रत्येक वेळी कटर पुन्हा गरम करून पुसावा. दोन चकत्यांमध्ये जागा वाया न घालवता कापल्यास लादीतून आठ चकत्या निघतात. उरलेले तुकडे डब्यात दाबून परत गोठवावेत किंवा जुळणी करणाऱ्याने आपली मजुरी म्हणून तेथेच खावेत. कुकीची सपाट, म्हणजे तळाची बाजू आइस्क्रीमकडे ठेवावी. चकती ठेवून दुसरी कुकी वर बसवावी आणि बोटांनी एका जागी न दाबता सबंध तळव्याने सारखा दाब द्यावा. एका वेळी दोनच सँडविचे करावीत आणि ती गार ट्रेवर ठेवून लगेच फ्रीझरमध्ये सरकवावीत. आठही सँडविचे एका दमात करण्याच्या हट्टापायी माझी शेवटची तीन नेहमी वितळत असत.

कटर नसेल किंवा गोल आकाराचा आग्रह नसेल, तर याच मिश्रणाची चौकोनी सँडविचे कमी श्रमात होतात. सगळे मिश्रण २३ बाय ३३ सेंटिमीटरच्या, कागद लावलेल्या ट्रेमध्ये ओल्या हाताने समान थापावे, १५ ते १७ मिनिटे भाजावे, गार झाल्यावर मधोमध कापून दोन लाद्या कराव्यात आणि गोठवून घ्याव्यात. मग एकीवर पाऊण लिटर मऊ आइस्क्रीम पसरून दुसरी तिच्यावर ठेवावी आणि रात्रभर गोठवून दुसऱ्या दिवशी लांब, गरम सुरीने आठ तुकडे करावेत. कड सुरेख येते, पण गोल कुकीच्या कडेचा तो किंचित कुरकुरीतपणा मिळत नाही.

‘इट्स-इट’सारखे चॉकलेटचे आवरण हवे असल्यास २०० ग्रॅम गडद चॉकलेट ३० ग्रॅम खोबरेल तेलाबरोबर मंद वाफेवर वितळवावे आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. कुकीतून आपण हद्दपार केलेले खोबरेल तेल येथे उपयोगी पडते: थंड सँडविचवर त्याचे आवरण काही क्षणांत घट्ट होते आणि तोंडात लगेच वितळते. दगडासारखे गोठलेले सँडविच अर्धे बुडवून, जादा चॉकलेट निथळू देऊन, कागदावर ठेवावे. चॉकलेट गरम असताना बुडवले तर आइस्क्रीम त्यातच विरघळते.

साठवण

जुळवलेली सँडविचे उघडी असतानाच एक तास गोठवावीत आणि मग प्रत्येक सँडविच कागदात घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावे. डबा फ्रीझरच्या दारात ठेवू नये. दार उघडले की तेथील तापमान सर्वांत आधी चढते, आणि वारंवार चढ-उतार झाल्याने आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे वाढतात. मागचा, खालचा कोपरा उत्तम. दोन आठवड्यांपर्यंत चव ताजी राहते. त्यानंतर महिनाभर ती खाण्यायोग्य असतात, पण फ्रीझरचा वास हळूहळू कुकीत शिरतो.

सँडविच ज्या दिवशी जुळवले त्याच दिवशी खाल्ले, तर कुकी आणि आइस्क्रीम दोन वेगळे पदार्थ असल्यासारखे वाटतात. रात्रभरात आइस्क्रीममधील थोडा ओलावा कुकीत उतरतो, तिचा आतला पृष्ठभाग मऊ होतो आणि दोन्ही एकमेकांना धरून बसतात. म्हणून पाहुण्यांसाठी करायचे असल्यास एक दिवस आधी करावे. कोणाला याउलट कुरकुरीत कुकीच हवी असेल, तर जुळणीआधी कुकीच्या सपाट बाजूवर वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवून तो गोठू द्यावा. तो थर ओलावा अडवतो.

इतके करूनही कुकी कडक झाली, तर बहुतेक वेळा ती मिनिट-दोन मिनिटे जास्त भाजली गेलेली असते, आणि तो घाणा फेकण्याचे कारण नसते. कुकीजच्या सपाट बाजूवर ब्रशने दुधाचा अगदी हलका हात फिरवून सँडविच जुळवावे आणि दोन दिवस फ्रीझरमध्ये विसरून जावे. कुकी भुसभुशीत होऊन मोडत असेल, तर मैदा कमी पडला आहे किंवा ती गरम असतानाच ट्रेवरून उचलली गेली आहे. चाव्यासरशी आइस्क्रीम बाहेर येत असेल, तर आधी कुकीची जाडी मोजावी आणि ती ठीक निघाली तर सँडविच फारच थंड असताना खाल्ले गेले आहे असे समजावे. फ्रीझरमधून काढल्यावर पाच ते आठ मिनिटे, कागद न सोडता, ताटलीत ठेवावे. बोटाने कड दाबल्यावर ती जराशी दबली, पण आइस्क्रीमला ओल सुटली नाही, की कागद अर्धाच सोलून तो सोललेला भाग आधी खावा आणि उरलेला कागद धरायला ठेवावा.